शाळेनं घराला द्यायचा हिशेब

कॉन्व्हेंट शाळेतून घरी येणाऱ्या मुख्याध्यापकांच्या पत्राला कुणी वाङ्मय म्हणणार नाही, पण त्याचा साचा मात्र पक्का असतो. आधी फीची शेवटची तारीख. मग क्रीडादिन, सहामाहीचं वेळापत्रक, कांजिण्यांची साथ असेल तर मुलाला घरीच ठेवण्याची विनंती, आणि फाटकासमोर गाड्या उभ्या करू नका ही दरवर्षीची तक्रार. या सगळ्याच्या आधी किंवा शेवटी फादर अथवा सिस्टर स्वतःच्या सहीनं एखादा परिच्छेद लिहितात. उपवासकाळ सुरू झालेला असतो, नाताळ जवळ आलेला असतो किंवा एखाद्या जुन्या शिक्षिकेचं निधन झालेलं असतं. त्या निमित्तानं मुलं, घर, अपयश, क्षमा अशा विषयांवर चार शब्द येतात. पूर्वी हे शाळेच्या छापील कॅलेंडरच्या पुस्तिकेतून आणि चिठ्ठीतून यायचं, आता फोनवर येतं. बहुतेक पालक तारीख बघतात आणि उरलेलं सोडून देतात. तरी या सामान्य वाटणाऱ्या कागदात एक कबुली असते. आत काय चाललं आहे ते जाणून घेण्याचा घराला हक्क आहे आणि ते सांगणं हे शाळेचं काम आहे, हे शाळेच्या सर्वांत वरच्या खुर्चीवरची व्यक्ती दर महिन्याला मान्य करते. माझं म्हणणं असं की या पत्रात मोलाचा भाग हाच आहे. कागद, छपाई, इंग्रजी हे सगळं दुय्यम. आणि हे पटवून घ्यायचं असेल तर पत्र जिथं पोचतं त्या मुंबई-पुण्यापेक्षा ते जिथं पोचूच शकत नाही त्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीकडे पाहावं.

कॅथलिक शाळांना ही सवय लागली तिच्यामागे व्यवहार आहे तसा सिद्धांतही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असल्याचं स्पष्ट सांगितलं. 1983च्या चर्च-विधिसंहितेतला 796वा नियम आणखी पुढे जातो. शिक्षकांनी पालकांशी निकट सहकार्य करावं, त्यांचं म्हणणं मनापासून ऐकावं, पालकांच्या सभा किंवा संघ स्थापन करावेत असं त्यात आहे. याचा सरळ अर्थ असा की मूल मुळात घराचं, शाळा ते काही तास सांभाळते. सांभाळायला घेतलेल्या गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या चर्चला घरापर्यंत मजकूर पोचवण्याची सवयही जुनी आहे. 1903 साली अहमदनगर जिल्ह्यातल्या केंदळ या खेड्यातून हेन्री डोरिंग या जेझुइट धर्मगुरूंनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं, वसईत ‘सुवार्ता’नं तेच काम आपल्या पद्धतीनं केलं, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाखाली ते ख्रिस्ती समाजाबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंतही गेलं. मुख्याध्यापकांचं पत्र हे या घराण्यातलं धाकटं भावंड.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो खमका आहे. कॉन्व्हेंट शाळा पत्र लिहिते ती व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यामुळे नव्हे, फीमुळे लिहिते, असं कुणी म्हणेल. पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला खूश ठेवावं लागतं, पत्र हा त्याचाच भाग. या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. पुष्कळ पत्रांत फक्त यशाच्या बातम्या असतात, बक्षिसं, पाहुणे आणि फोटो असतात. शिक्षिका सहा महिन्यांत तीनदा का बदलल्या, हे त्यात शोधून सापडत नाही. कायद्यानं तर या गोष्टीला आणखी विचित्र वळण दिलं आहे. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 24व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं सांगितली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती आणि मुलाविषयीची इतर आवश्यक माहिती त्यांना देणं, हे त्यातलं एक. परंतु 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं प्रमती खटल्यात अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निकाल दिला. म्हणजे ज्या कॅथलिक शाळांवर कायद्याची सक्ती नाही, त्या घराला माहिती देतात. आणि ज्या सरकारी शाळा कायद्यानं बांधलेल्या आहेत, त्यांच्या पालकांना मूल चौथीत आहे की पाचवीत, एवढंही कधी कधी विचारूनच कळतं. आक्षेप घेणाऱ्याचं निदान त्यामुळे खरं ठरतं: हिशेब ज्याच्या हाती जोर आहे त्यालाच मिळतो. पण निदान खरं म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही. फी भरणाऱ्याला हिशेब मिळतो, यावरून फी न भरणाऱ्याला तो नको असं होत नाही. उलट ज्याच्या हाती दुसरं काहीच नाही, त्याला तो जास्त लागतो.

मणिबेली अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावर, गुजरातच्या सीमेला लागून आहे. सरदार सरोवराच्या भिंतीपासून वर निघालं की महाराष्ट्राचं हे पहिलं गाव, आणि म्हणून बुडितातलंही पहिलं. जवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ जलाशयात गेलं. काही कुटुंबं गुजरातमधल्या परवेट्याच्या वसाहतीत गेली, काही मागे राहिली आणि पाणी चढलं तशी डोंगरावर चढत गेली. या गावाच्या इतिहासात शाळेपेक्षा मोठी अशी एक गोष्ट आहे, आणि आपल्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे: आपल्याविषयी काय ठरलं हे इथल्या लोकांना सर्वांत शेवटी कळलं. जागतिक बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीनं जून 1992मध्ये अहवाल दिला. बाधितांशी नीट सल्लामसलत झाली नाही, हा त्यातल्या प्रमुख दोषारोपांपैकी एक होता. मार्च 1993मध्ये भारत सरकारनं बँकेच्या कर्जाची उरलेली रक्कम न घेण्याचं जाहीर केलं. 1994 साली याच गावाच्या नावानं ‘मणिबेली जाहीरनामा’ निघाला, 44 देशांतल्या 326 संस्था-संघटनांनी त्याला पाठिंबा दिला, आणि मोठ्या धरणांना पैसे पुरवणं थांबवा, आधी झालेल्या प्रकल्पांचा हिशेब द्या, अशी मागणी थेट बँकेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. वॉशिंग्टनला हिशेब मागणारं हे गाव तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाकडे मात्र तो मागू शकत नव्हतं. धरणाच्या बुडितातल्या डोंगरी गावांत शाळा कागदावर होत्या, शिक्षक येत नव्हते, ही तिथली जुनी तक्रार. शिक्षक आला नाही हे गावाला दिसत होतं. पण तो का आला नाही, त्याचा पगार निघाला का, मुलांची नावं पटावर आहेत की नाहीत, हे कोण सांगणार?

मणिबेलीत कॉन्व्हेंट शाळा नाही. तिथं आहे ती जीवनशाळा. नर्मदा बचाव आंदोलनानं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यात या निवासी शाळा सुरू केल्या. चिमलखेडी आणि निमगव्हाण ही सुरुवातीची नावं, पुढे डनेल, त्रिशूल, भाबरी, सावऱ्या दिगर आणि इतर गावांची भर पडली. गावकऱ्यांनी बांबू, लाकूड आणि अंगमेहनत देऊन त्या उभ्या केल्या. शिक्षकांत खोऱ्यातल्याच आदिवासी तरुणांचा भरणा होता. वर्गात मराठीबरोबर भिली आणि पावरी आली, मुलांच्या बोलीतलं शिकण्याचं साहित्य तयार झालं. शिक्षण प्रामुख्यानं चौथीपर्यंत. पैसा देणग्यांतून उभा राहिला, दरवर्षी सगळ्या जीवनशाळांचा बालमेळा भरू लागला. या शाळांविषयी भारावून लिहिण्याची एक रीत पडली आहे, तिच्या वाटेला मी जाणार नाही. साधनं तुटपुंजी होती, शिक्षकांचं प्रशिक्षण असमान होतं, चौथीनंतर मूल शेवटी सरकारी आश्रमशाळेतच जात होतं. पण आपल्या प्रश्नापुरती एक गोष्ट इथं वेगळी घडली. शाळेचा कूड ज्यांनी विणला, त्यांना शाळेत काय चाललंय हे विचारायला परवानगी लागत नाही. शिक्षक त्याच पाड्यावरचा, त्याच बोलीतला. त्याला पालकांना ‘कळवावं’ लागत नाही, पाणवठ्यावर आणि बाजारच्या वाटेवर तोच पालकांच्या तावडीत सापडतो. कॉन्व्हेंटमध्ये फी जे काम करते, ते इथं श्रमानं केलं. दोन्हीकडे हिशेब मिळाला, कारण दोन्हीकडे पालकांचं शाळेत काहीतरी गुंतलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल की जीवनशाळा ही आंदोलनाची शाळा. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही घोषणाच आहे. तेव्हा पालकांशी बोलणं म्हणजे आंदोलनाची बांधणी, त्याला शैक्षणिक हिशेब कसं म्हणावं? हा आक्षेप मला टाकाऊ वाटत नाही. जिथं घर बुडत आहे तिथं बैठकीत वाचन-गणिताच्या आधी पुनर्वसनाची जमीन येणार, आणि मुलाच्या अभ्यासाविषयी नाराज असलेल्या बापाला चळवळीच्या माणसासमोर ते बोलणं जड जाणार, हे कोणत्याही संघटनेत होतं. पण हाच निकष चर्चच्या शाळेला लावला तर तिथं धर्म आहे, सरकारी शाळेला लावला तर तिथं सत्ताधाऱ्यांच्या योजनांची जाहिरात आहे. कोणतीही शाळा पालकांशी केवळ शाळा म्हणून बोलत नाही. म्हणून बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे का, या परीक्षेत मला फार रस नाही. ऐकणाऱ्याला उलटं विचारता येतं का आणि वाईट बातमीही त्याच तोंडून येते का, या दोन परीक्षा पुरेत.

दुसऱ्या परीक्षेत आपली आश्रमशाळांची व्यवस्था नापास झाली, आणि ते नापास होणं फार महागात पडलं. 1970च्या दशकापासून आदिवासी भागात शासनानं निवासी आश्रमशाळांचं जाळं विणलं. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा या तालुक्यांसाठी तळोद्याला प्रकल्प कार्यालय आहे. मूळ विचार चुकीचा नव्हता: पाडे विखुरलेले, घरी खायला कमी, आईबाप ऊसतोडीला किंवा गुजरातेत शेतमजुरीला, मग मुलांना एका जागी ठेवून शिकवावं. पण निवासी शाळेचा अर्थ असा की मूल सहा-सात वर्षांचं असताना जूनमध्ये सोडायचं आणि दिवाळीला बघायचं. मधल्या काळात शाळाच त्याचं घर. 2016 साली राज्यपालांनी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि आदल्या पंधरा वर्षांत राज्यातल्या आश्रमशाळांमधल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांचे मृत्यू झाल्याचं पुढे आलं. सर्पदंश, ताप, अपघात, बुडणं अशी कारणं असू शकतात, आणि मूल घरी असतं तर मेलंच नसतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, डोंगरातल्या घरातही दवाखाना दूरच असतो. तरीही एक फरक उरतो. घरी मूल आजारी पडलं तर पहिल्या दिवशी आईला कळतं. शाळेत आजारी पडलं तर अधीक्षकाला कळतं, आणि तिथून घरापर्यंत बातमी जाण्याची कोणतीही ठरलेली वाट नाही. ती शेवटच्या टप्प्यावर, कुणाच्या तरी तोंडी, मोटारसायकलवरून येते. मुलाला दोन दिवस ताप आहे हे कळवणारं पत्र कॉन्व्हेंटमध्ये शिष्टाचार असेल, आश्रमशाळेत ती आरोग्यसेवा आहे. पालकांना नियमित कळवण्याला जे लोक शहरी चोचला म्हणतात, त्यांनी या मृत्यूंपुढे उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणून बघावं.

मग व्यवहारी आक्षेप येतो: कळवणार कसं? पालक वाचत नाहीत. 2011च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे 64.4 टक्के होती, राज्याची 82.3. राज्यात सर्वांत कमी. जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची, आणि डोंगरातल्या तालुक्यांत साक्षरता जिल्ह्याच्या सरासरीहूनही खाली. अशा ठिकाणी मुख्याध्यापकांचं चिंतन छापून काय करायचं? याचं उत्तर मराठी शिक्षणात ऐंशी वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1933 साली ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत काढली, ती शिकलेल्या पालक-शिक्षकांसाठी होती, तेव्हा ती छापील होती. 1945 साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबत आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. समोर वारली कुटुंबं होती. तिथं ताराबाईंनी पत्रिका वाटत बसण्याचा हट्ट धरला नाही. शाळाच अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात. आईच्या डोळ्यांदेखत मूल शिकत असेल तर प्रगतिपुस्तकाची गरज उरत नाही, तिला दिसतंच. बाई त्याच, घराला सोबत घेतल्याशिवाय मूल शिकत नाही ही खात्रीही तीच, फक्त साधन बदललं. पुण्यातल्या ‘पालकनीती’ मासिकानं 1987पासून जे छापून केलं, ते डोंगरात बोलून करता येतं, एवढाच याचा अर्थ. निरक्षर माणसाला हिशेब कळत नाही ही समजूत मुख्यतः साक्षरांची आहे. मोलगीच्या बाजारात महू किंवा आमचूर विकणाऱ्या बाईला तोंडी हिशेबात फसवून बघावं.

अंतराचं कारणही असंच तपासून घ्यायला हवं. पाडे दूर, वाटा डोंगरातल्या, जलाशयामुळे काही वस्त्यांना होडीशिवाय जाता येत नाही, हे सगळं खरं. पण 2020च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी कार्यकर्त्या रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत अलिघाट आणि दादरच्या वस्त्यांवर जात राहिल्या. जाऊन-येऊन सुमारे 18 किलोमीटर. संसर्गाच्या भीतीनं आया केंद्रावर येईनात, तेव्हा त्या पोषण आहार घेऊन गेल्या, बाळांची वजनं घेत राहिल्या. देशभर त्यांचं कौतुक झालं, आणि कौतुकाच्या भरात एक साधी गोष्ट नजरेआड झाली. बाळाचं वजन आईसमोर घेणं, ते तिला सांगणं, गेल्या महिन्याशी ताडून बघणं, हाच तर घराला दिलेला हिशेब. शासनाच्या सर्वांत खालच्या मानधनावरची बाई जे करू शकते, ते त्याच शासनाच्या पगारी यंत्रणेला अशक्य आहे असं मानायला माझं मन घेत नाही. अर्थात प्रत्येक शिक्षकानं होडी वल्हवावी अशी अपेक्षा ठेवणं हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा होईल. अपवादात्मक माणसावर व्यवस्था उभी करता येत नाही.

कारण शिक्षकांवरचा बोजा खरा आहे. यू-डायस आणि सरल या सरकारी नोंदप्रणालींची माहिती, आधारजोडणी, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, जनगणना, निवडणूक, आणि अनेकदा दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता. त्यात पालकांना हिशेब देण्याचं नवं काम कशाला, असा प्रश्न शिक्षक विचारतील आणि तो रास्त असेल. परंतु या कामांच्या यादीकडे नीट पाहिलं तर तिच्यात एक दिशा दिसते. सगळी माहिती घराकडून शाळेकडे, शाळेकडून तालुक्याकडे, तालुक्याकडून मंत्रालयाकडे जाते. मुलाच्या रक्तगटापासून बँकखात्यापर्यंत सगळं घर देतं. खाली परत येत नाही काहीच. बोजा कमी करायचा तर तो वर जाणाऱ्या माहितीतून कमी करावा, कारण तिच्यातली निम्मी कुणी उघडूनही बघत नसावं अशी शंका घ्यायला जागा आहे. शाळा व्यवस्थापन समिती आज आहेच. कायद्यानुसार तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. कागदोपत्री ती सगळीकडे आहे, आणि तिचं इतिवृत्त बहुधा आधी लिहून मग सह्या किंवा अंगठे घेतले जातात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. नवं पद, नवी समिती, नवं ॲप काही नको. वर्षातून तीनदा मुख्याध्यापकानं पाड्यावर बसून बोलणं, एवढंच मागणं आहे.

उरला तो पत्रातला शेवटचा परिच्छेद, मुख्याध्यापकांचं स्वतःचं चिंतन. सुट्टीच्या तारखा ठीक, पण फादरांनी उपवासकाळावर काय वाटतं ते पालकांना का ऐकवावं? मला हा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी तो पुष्कळदा कंटाळवाणा असतो. शासकीय परिपत्रकात ‘सूचित करण्यात येते’, ‘कळविण्यात येत आहे’ असं सगळं आपोआप घडत असतं, करणारा कुणी नसतो, म्हणून जाब विचारायलाही कुणी नसतो. चिंतन लिहिणारा माणूस मात्र पुढे येतो. मला असं वाटतं, म्हणतो. त्याच्याशी भांडता येतं. मुलांना मारू नये असं ज्या मुख्याध्यापकानं डिसेंबरात लिहिलं, त्याच्या शाळेत जानेवारीत छडी चालली तर पालकाच्या हाती त्याचेच शब्द असतात.

आणि सातपुड्यात या परिच्छेदाविषयी एक वेगळा संशय आहे, तो टाळून चालणार नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नवापूर-चिंचपाड्याकडे, स्वीडिश मिशनऱ्यांनी प्रोटेस्टंट चर्च, शाळा आणि दवाखाने उभे करायला सुरुवात केली त्याला शतक उलटलं. कॅथलिक चर्चचा नाशिक धर्मप्रांत 1987 साली झाला, हा जिल्हा त्याच्याच हद्दीत येतो. धर्मांतराचा वाद इथं जुना आहे आणि निवडणुकीच्या सुमारास ताजा होतो. तेव्हा ख्रिस्ती मुख्याध्यापकानं आदिवासी घरांशी मनातलं बोलणं म्हणजे प्रचारच, असं म्हणणारे निघतील. राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदाचं तिसरं कलम इथं उपयोगी पडतं. शासनमान्य किंवा शासकीय मदत घेणाऱ्या संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आता ज्याला काही सांगितलंच नाही, त्याची संमती कसली? मुख्याध्यापकानं पालकांसमोर उघड बोलण्यात धोका आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी वसतिगृहात मुलांसमोर, पालकांच्या पाठीमागे जे बोललं जातं त्याची काळजी आधी करावी, मग ते ख्रिस्ती शाळेतलं असो की ‘मूळ प्रवाहात’ आणणाऱ्या इतर कुठल्याही संस्थेतलं. देव, होळी, देवी याहा मोगी, डोंगर यांच्याविषयी मुलाला शाळेत काय सांगितलं जातं, हे आईबापांना थेट मुख्याध्यापकाच्या तोंडून कळलं तर त्यांना हो किंवा नाही म्हणता येईल.

हा प्रश्न आता फक्त डोंगरातला राहिलेला नाही. 2010च्या सुमारास आदिवासी विकास विभागानं नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांमध्ये आदिवासी मुलांना पाठवण्याची योजना आणली, फी शासन भरतं. म्हणजे कॉन्व्हेंटच्या पद्धतीच्या शाळा आणि सातपुड्यातली घरं आता खरोखरच एकमेकांना जोडली गेली आहेत, आणि जोडताना मधला दुवा गळाला आहे. फी शासनाकडून येते, त्यामुळे शाळेचा हिशेब शासनाकडे जातो. पत्र इंग्रजीत निघतं आणि ज्या फोनवर पोचतं, तो ऊसाच्या फडात, एखाद्या काकाच्या खिशात असतो. भिली बोलणारी आई, मराठी समजणारा बाप, इंग्रजी पत्र. हे दुरुस्त करायला फार मोठी तरतूद लागत नाही: त्या भागातल्या मुलांसाठी शाळेनं बोलीत एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी पुरे, आणि तो मुलाच्याच मोठ्या बहिणीनं बोललेला असला तरी हरकत नाही.

राहता राहिली वेळ. पालकसभा जूनमध्ये आणि दिवाळीच्या आसपास घेण्याची आपली पद्धत शहराच्या पंचांगातून आली आहे. जूनमध्ये पेरणी असते, आणि दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं मजुरीला बाहेर पडू लागतात. सगळे परततात ते होळीला. काठीच्या राजवाडी होळीसाठी, त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी माणसं मुकादमाची उचल अंगावर असतानाही काम सोडून येतात. वर्षातला मोठा हिशेब त्या दिवसांत द्यावा. त्यात फार काही नको. शिक्षक किती दिवस हजर होते, मूल आता काय वाचू शकतं हे सगळ्यांसमोर त्याच्याकडून वाचून घेऊन दाखवणं, कोण किती दिवस आजारी होतं आणि कुठल्या दवाखान्यात नेलं, धान्य-डाळ किती आली आणि किती उरली, आणि मुख्याध्यापकाला स्वतःला या वर्षाविषयी काय वाटतं. परवेट्याला गेलेल्या आणि मणिबेलीत राहिलेल्या एकाच भावकीच्या दोन फांद्यांना तो हिशेब एकत्र बसून ऐकता येईल का, हे प्रत्येक वर्षी जलाशयात पाणी किती आहे आणि होडी कुणाची मिळते यावर ठरेल. पण शाळा महाराष्ट्राची आणि पालक गुजरातचे, म्हणून हिशेब कुणालाच नाही, ही सध्याची सोय मात्र बंद व्हायला हवी, आणि ती बंद करण्याचा अधिकार तळोद्याच्या प्रकल्प अधिकाऱ्याकडे आज आहे.